घंटा जनावरांची, रूळ माणसांचा

रूथचा फोन आला तेव्हा मी आमच्या वसईतल्या घरी पापलेट साफ करत होते. "आमच्या चर्चचा इतिहास लिहायचाय. तू ये," ती म्हणाली. मुंबईच्या इस्पितळात रूथ नर्स होती, मी तिथल्या कार्यालयात, आणि दुपारचा डबा आम्ही एकत्र खात होतो. निवृत्तीनंतर ती बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी, हिवरपिंपरीला गेली आणि मी घरी बसले. आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, मासिकात माझे दोन-तीन लेख आले होते, एवढ्या भांडवलावर रूथनं मला लेखिका ठरवून टाकलं होतं.

"अगं, पण मी कॅथॉलिक. तुम्ही बाप्टिस्ट. मला तुमच्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच. आमच्यातल्या कुणी लिहिलं तर दुसरा म्हणेल माझ्या आज्याचं नाव गाळलं."

हे कारण मला पटलं. घरातल्यांनी मात्र मला वेड्यात काढलं. मे महिना, त्यातून दोन वर्षं तिकडे पाऊस नाही. "पाणी नाही तिथं मरायला चाललीस काय?" धाकट्या बहिणीनं विचारलं. मी रूथसाठी सुके बोंबील बांधून घेतले आणि निघाले.

वडवणी

बीडपर्यंतच्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि वडवणीच्या एसटीबद्दल एवढंच की मला मिळालेल्या खिडकीला काच नव्हती. वडवणीला आठवडी बाजार भरला होता. दुष्काळातही बाजार भरतो याचं मला आश्चर्य वाटलं. माणसं विकत कमी घेत होती, पण बोलत भरपूर होती. बैलांच्या घुंगरमाळा होत्या, दोरखंडं होती, खरबुजं होती. एका म्हातारीनं माझी पिशवी हुंगली आणि म्हणाली, "बाई, कायतरी मेलंय बगा तुमच्या पिशवीत." बोंबलाचा असा अपमान आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

मला न्यायला रूथ दूध संस्थेचा टेम्पो घेऊन आली होती. रूथ त्या संस्थेची अध्यक्ष. सगळ्या बायकांची संस्था. रिकाम्या कॅनांच्या मधे एक खुर्ची ठेवून मला बसवलं. रस्त्याला वळण आलं की कॅन माझ्यावर आणि मी कॅनांवर. दोन्ही बाजूंना जमीन तापून पांढुरकी पडलेली. मधूनच वाळलेल्या उसाचा एखादा तुकडा. माजलगावच्या धरणाचं पाणी जिथं पोचतं तिथलं जग वेगळं, हिवरपिंपरी त्या जगाच्या अलीकडे राहिली, असं रूथनं मला पुढं बसून ओरडत सांगितलं.

गाव म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी दोन-अडीचशे घरं. त्यात ख्रिस्ती घरं थोडीच. आणि चर्च? मी शोधत राहिले. आमच्याकडे चर्च शोधावं लागत नाही, मैलावरून मनोरा दिसतो. इथं रूथनं ज्या पत्र्याच्या इमारतीकडे बोट दाखवलं तिला मी गोदाम समजले होते. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, पुढं ओटा, ओट्यावर दूध तपासायचं यंत्र. बाजूला कडुलिंब आणि कडुलिंबाला टांगलेली एक खरीखुरी पितळी घंटा. मागं एक मोठा दगडी हौद. हौदाला एका बाजूनं आत उतरायला पायऱ्या होत्या. जनावरांच्या हौदाला पायऱ्या कशाला, असा प्रश्न मला पडला होता, पण तेवढ्यात चहा आला.

पहिली संध्याकाळ

संध्याकाळी मी रूथच्या अंगणात तोंड धूत होते. तोंड धुणं म्हणजे एका फुलपात्रात. ते पाणी खाली सांडायचं नाही, घमेल्यात पडू द्यायचं, ते शेळीचं. इतक्यात घंटा झाली. आमच्याकडे संध्याकाळची घंटा झाली की असेल तिथं उभं राहून प्रार्थना म्हणतात. पाहुणी म्हणून आपण पाठीमागे राहायला नको, असं ठरवून मी डोक्यावर पदर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि धावतच चर्चला गेले.

चर्चला माणूस एकही नव्हता. गल्लीगल्लीतून गाई येत होत्या. म्हशी, बैल, वासरं, मागून मेंढरांचा एक कळप. कुणी हाकत नव्हतं. आपली आपण, नेमानं, जणू नावं पुकारली आहेत. मी भिंतीला चिकटून उभी. एका म्हशीनं माझ्या पदराचा वास घेतला, बहुतेक बोंबलाचा, आणि नापसंतीनं पुढं गेली.

घंटेच्या दोरीजवळ एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, डोक्याला मुंडासं. तो मला म्हणाला, "बाई, तुमी कावून पळत आलाव? ही घंटा जनावरांची हाय. हौद भरला की वाजवितो. मान्साला रूळ हाय."

रूळ म्हणजे ओट्याच्या कोपऱ्यात टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा. रविवारी उपासनेला त्यावर हातोडा मारतात. घंटा वाजवली तर गाई येतात, म्हणून माणसांनी आपल्यासाठी लोखंड शोधलं. मी हसत सुटले. म्हातारा गंभीरच. हे याकोबमामा, रूथचे सख्खे मामा. चर्चची झाडलोट, ढोलकी आणि ही घंटा, तिन्ही कामं त्यांची.

रात्री हुलग्याचे शेंगोळे होते, शेजारी भाकरी आणि लसणाची चटणी. मला वाटलं होतं आता आठवडाभर उपासमार, पण त्या शेंगोळ्यांचा रस मी तीनदा घेतला. रूथनं एकटीनं बोंबील खाल्ले आणि दार लावून खाल्ले.

इतिहास ऐकला तो असा

दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की या चर्चचा इतिहास पाळकांचा नाही. कोण पाळक आधी आला, कोण नंतर, यावर ओट्यावर तासभर भांडण झालं आणि निकाल लागला नाही. घंटा कुणी दिली? कुणीतरी गोऱ्या साहेबानं. नाव? सगळे एकमेकांकडे बघू लागले. पण हौदाविषयी विचारलं की सगळे एकदम बोलत.

बहात्तरच्या दुष्काळात गावातली माणसं सरकारी कामावर खडी फोडत. दिवसभर फोडायची, आणि संध्याकाळी थोडे दगड डोक्यावर घेऊन यायचे. त्याच दगडांचं हे चर्च. भिंती झाल्यावर मागं हौद बांधला, तो बाप्तिस्म्यासाठी. आता माझ्यासारख्यांसाठी सांगते. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या टाळूवर ओंजळभर पाणी सोडलं की बाप्तिस्मा झाला. बाळ रडतं, आई हसते, सगळे जेवायला जातात. बाप्टिस्टांचं तसं नाही. माणूस मोठा व्हायचा, स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचा, आणि मग त्याला पाण्यात पुरतं बुडवून वर काढायचं. केसही कोरडा राहता कामा नये. बाप्तिस्मा होईपर्यंत उपासनेत वाटली जाणारी प्रभुभोजनाची भाकरी मिळत नाही. अशी रीत असलेल्या माणसांनी चर्च काढावं कुठं, तर बीड जिल्ह्यात! मी हे बोलून दाखवलं तेव्हा रूथ म्हणाली, "तुमच्या वसईत तळी-बावखलं भरलेली, म्हणून तुम्ही ओंजळीत भागवता. देवाचा हिशोब उलटा आहे खरा."

हौदात पहिला उतरणार होता याकोब. तेव्हा तो पंचविशीतला गडी. विहिरीचं उरलंसुरलं पाणी शेंदून हौद भरला. घंटा वाजली. याकोब पांढरे कपडे घालून पायरीवर उभा राहिला, आणि पाण्याच्या वासानं गावातली होती नव्हती ती जनावरं येऊन भिंतीपाशी थांबली. हाडं निघालेली. पुढचं मामांनी स्वतः सांगितलं.

"म्या म्हन्लं, आदी ह्यांना पिऊ द्या. पाळकसायब म्हन्ले, बरं. जनावरं प्याली, हौद चाटून कोरडा केला. मंग म्या सगळ्यांम्होरं सबूद दिला, की ह्यांचं पिऊन उरंल त्या पान्यातच मी उतरनार. ह्याच हौदात."

"मग?"

"मंग काय. उरलंच न्हाई."

तेव्हापासून हौद जनावरांचा झाला तो झालाच. गाई तिथं येतातच तर दूधही तिथंच घालावं, म्हणून पुढं बायकांनी दूध संस्था काढली ती चर्चच्या ओट्यावर. गाई वाढल्या, हौदावरची गर्दी वाढली. बाकीच्यांचे बाप्तिस्मे ओढ्याला पूर आला की ओढ्यात, नाहीतर टेम्पो करून धरणावर. मामा टेम्पोत ढोलकी घेऊन बसत, काठावर गात, आणि कोरडे परत येत.

"पण पावसाळ्यात?" मी विचारलं. "तेव्हा तर पाणीच पाणी."

"पावसाळ्यात जनावरं वढ्याला जात्यात. हौदावर येत न्हाईत. मंग त्यांचं उरलेलं कुठून आनू?"

म्हणजे उन्हाळ्यात जनावरं येतात ती काही उरवत नाहीत, आणि पावसाळ्यात उरलं असतं तर जनावरं येत नाहीत. हा पेच मी दोनदा बोटांवर मोडून पाहिला आणि मला रागच आला. माणसानं इतकं हट्टी असावं? चाळीस वर्षं हा गृहस्थ प्रभुभोजनाच्या वेळी भिंतीला टेकून बसतो. आणि वर ती भाकरी थापतोही हाच! दर शनिवारी. ऊसतोडीला गेलेली माणसं स्वयंपाकाला कच्ची नसतात. टिकावी म्हणून निखाऱ्यावर कडक भाजतो, फडक्यात बांधतो, आणि कधी तुकडासुद्धा चाखत नाही.

"आमच्याकडे प्रभुभोजनाला विश्वास लागतो आणि दात लागतात," रूथ माझ्या कानात म्हणाली. "मामाला कुणी सांगायचं?"

मग तिचा आवाज बदलला. मला तिनं खरं कशाला बोलावलं होतं ते तेव्हा कळलं. मामांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, औरंगाबादला, पुढच्याच आठवड्यात. "मी नर्स आहे, आग्नेस. मला माहितेय यातून सगळे परत येत नाहीत. त्यानं ती भाकरी खाऊन जावं एवढंच माझं म्हणणं. तू परकी आहेस, तुझं ऐकेल."

मी प्रयत्न केला. मामांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला खरबूज कापून दिलं.

शनिवारची बैठक

रविवारी चर्चचा वर्धापनदिन. तो मे महिन्यात का, तर नाताळात गाव रिकामं असतं. निम्मी मंडळी दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्यांकडे जाते, यांचा नाताळ उसाच्या फडात होतो. सगळे घरी असतात ते उन्हाळ्यातच.

शनिवारी दूध घालून झाल्यावर रूथनं ओट्यावर सगळ्यांना थांबवून घेतलं. ख्रिस्ती होते, त्याहून जास्त बाकीचे होते, कारण गाई बाकीच्यांच्याच जास्त. नवे पाळक साहेब सोलापूरकडचे, तरुण, चष्मा पुसत बसलेले. ते म्हणाले, "जीप सांगून ठेवली आहे. मामांनी फक्त हो म्हणावं, उद्या पहाटे धरणावर जाऊन येऊ."

"धरनाचं पानी माज्या गावच्या जनावराचं उष्टं हाय का?" मामा म्हणाले. पाळकांनी पुन्हा चष्मा पुसला.

तेव्हा खंडूआबा उठले. हे मेंढपाळ, कपाळाला बुक्का, नारायणगडाची वारी कधी न चुकवणारे, आणि मामांचे लहानपणापासूनचे भांडखोर दोस्त. बहात्तरला हौदावर आलेल्या जनावरांत आबांच्या बापाची बैलजोडी होती.

"याकूब, तू लई शाना हायस, बे," आबा म्हणाले. "जनावरं पिऊन उरलं पायजे, आसंच ना? मंग उद्या आमी समदे आपापल्या घरी, आपल्या रांजनातलं पानी पाजू जनावरांना. पोटभर. टँकर येऊन हौद भरंल. जनावरं प्यालेली, हौद भरलेला. मंग त्ये उरलेलं झालं का न्हाई?"

टँकर एक दिवसाआड येत होता. रांजणातलं पाणी म्हणजे घरातल्या माणसांच्या पिण्याचं. मी बायकांकडे पाहिलं. प्रत्येक जणी आपला रांजण डोळ्यांसमोर आणत होती हे मला दिसत होतं. मग एक जण म्हणाली, "माजी म्हस दोन बादल्या पिती. पाजते." दुसरी म्हणाली, "आमी पन." आणि मग सगळीकडून आवाज आले.

मामा मुंडाशाच्या शेवटानं तोंड पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "पन मान्सानं आंघूळ केलेलं पानी परत जनावरं पित्याल का?"

"मेंढरं धुतलेलं पानी तू पेशील का?" आबा म्हणाले. "न्हाई पेनार. जनावर तुझ्यावानी नाजूक न्हाई. त्ये पितंय."

अशी ही बैठक ठरावाशिवाय संपली. मी वसईत किती तरी समित्या पाहिल्या, इतकं मोठं काम इतक्या लवकर होताना पाहिलं नाही.

रविवार

सकाळी गावभर बादल्यांचे आवाज. घरोघरी दारात गाई पाणी पीत होत्या आणि कुणी चूळ भरायलाही पाणी मागत नव्हतं. रूथनं मला अर्धा कप चहा दिला आणि मी तो तक्रार न करता प्याले, हे माझ्या घरच्यांना खरं वाटणार नाही.

टँकर आला. हौद काठोकाठ भरला. पाण्यात कडुलिंब दिसू लागला. आबांनी रुळावर हातोडा मारला, माणसं जमली. पाळक साहेब पांढऱ्या झग्यात. मामा पांढरा सदरा-धोतर घालून चर्चच्या मागल्या दारातून बाहेर आले. त्यांनी भरलेला हौद पाहिला. मग, आम्ही सगळे बघत असताना, ते शांतपणे कडुलिंबाकडे गेले आणि त्यांनी घंटा वाजवली.

"मामा!" रूथ किंचाळली.

मामा दोरी हातात धरून तसेच उभे. आपण काय केलं ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. पण उशीर झाला होता. एक तांबडी गाय कोपऱ्यावर दिसली. तिच्यामागं दुसरी. मग दावं तोडून आलेली एक म्हैस, खुंटा मागं फरफटत. पोट भरलेलं असो की नसो, घंटा झाली म्हणजे यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आबा हात पसरून आडवे झाले, त्यांना त्यांच्याच मेंढरांनी बाजूला केलं. पाळक साहेब झगा सावरत ओट्यावर चढले. हौदाला चारी बाजूंनी तोंडं लागली, आणि पायऱ्यांवरून दोन वासरं तर थेट आतच उतरली.

पाणी उतरायला लागलं. मांडीपर्यंत आलं. कुणीतरी काठी उगारली.

"मारू नगा," मामा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "पिऊ द्या."

मला रडूच आलं. राग, दया, सगळं एकदम. रूथ तोंड फिरवून उभी होती. इतक्या रांजणांतलं पाणी वाया गेलं होतं आणि एक म्हातारा पुन्हा कोरडाच राहणार होता.

आणि मग तांबड्या गाईनं तोंड वर काढलं. नाकातोंडावरून पाणी ठिबकत होतं. तिनं इकडे तिकडे पाहिलं, एक लांब श्वास सोडला आणि वळून चालू लागली. म्हशीनं डोकं हलवलं, तीही गेली. मेंढरं नुसतीच घोळका करून उभी राहिली. सकाळी घरी पोटभर प्यालेली जनावरं. किती पिणार?

हौदात गुडघाभर पाणी होतं.

मामाच पहिल्यांदा बोलले, "आबा, उरलंय की रं."

"उरलंय, बे," आबा म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

आता गुडघाभर पाण्यात सहा फुटी माणूस बुडवायचा कसा? सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी क्षणभर विचार केला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि झग्यासकट पायऱ्या उतरले. "नियम बुडण्याचा आहे," ते म्हणाले, "खोलीचा नाही. मामा, आडवे व्हा." दोन्ही वासरं अजून आतच होती. मामा पाण्यात उताणे झाले, पण पाय वर आले. पाय दाबले तर पोट वर आलं. शेवटी काठावरून आबा वाकले, "इतकी वर्सं वाट बगतोय मी," असं म्हणत त्यांनी दोस्ताच्या छातीवर हलकेच, अगदी हलकेच, हात ठेवला आणि मामा पुरते पाण्याखाली गेले.

वर आले तेव्हा मुंडासं सुटून पाण्यावर तरंगत होतं, आणि एक वासरू ते चघळत होतं.

टाळ्या, गाणं, हसणं, कुणाला काही कळेना. मी कॅथॉलिक बाई, पण मीही ओरडत होते. मामांना कोरडं करून आत नेलं. वाटेत मी विचारलं, "मामा, घंटा चुकून वाजली ना?"

"भरला हौद दिसला की हात जातोच, बाई," ते म्हणाले. "पन गेला त्ये बरं झालं. न्हाईतर मनात खुटखुट ऱ्हायली असती, की त्यांनी प्यालं त्ये ह्या हौदातलं नव्हतं."

आत गाणी झाली, संदेश झाला. मग पाळकांनी फडकं सोडून भाकरी काढली, आशीर्वाद मागितला, मोडली. ताट रांगेतून फिरू लागलं. भिंतीपाशी आज कुणी टेकून बसलं नव्हतं. मामा पहिल्या रांगेत होते, ओल्या केसांनी, पोरासारखे ताठ. ताट त्यांच्यापुढं आलं. त्यांनी तुकडा उचलला, डोळे मिटले, तोंडात टाकला.

सगळं चर्च बघत होतं. मामा चावत होते. चावतच होते. भुवया वर गेल्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि सगळ्या मंडळीकडे वळून पाहिलं.

"लई निबर हाय की ही!" मामा म्हणाले. "आन् चाळीस वर्सं तुमी गपगुमान खाताव? कावून सांगितलं न्हाई बे कुनी मला?"